अनुभव : नाही

ब्रसेल्स, १२ जानेवारी २०१४

प्रिय मावशी,

फोनवर तू "हं, हं" म्हणतेस आणि तिकडे शिलाईचं मशीन चालवत राहतेस, मला सगळं ऐकू येतं. म्हणून हे पत्र. निदान वाचायला तरी तुला पाय थांबवावा लागेल.

मी नोकरी सोडायचं म्हणते आहे. लगेच नाही, सप्टेंबरमध्ये. तीन वर्षं या मदतसंस्थेच्या कचेरीत बसून मी दूरदेशीच्या मानसिक आरोग्याच्या कामांचे अहवाल तपासते आहे. कुठे भूकंप, कुठे लढाई, कुठे निर्वासितांची छावणी. आणि मी इथे स्वल्पविराम दुरुस्त करते. मला आता स्वल्पविरामांच्या पलीकडच्या माणसांपर्यंत जायचं आहे. त्यासाठी पुढची पदवी हवी, आणि घोळ आहे तो कोणती यातच.

लंडनला 'जागतिक मानसिक आरोग्य' याच नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ज्या देशांत लाखो माणसांमागे एखादाच मनोविकारतज्ज्ञ असतो, तिथे तज्ज्ञाशिवाय काय करता येईल हे शिकवतात. अँटवर्पला सार्वजनिक आरोग्य: आकडे, योजना, कोणत्या सरकारला काय पटवायचं ते. आणि लुव्हनला चिकित्सा-मानसशास्त्र, दोन वर्षं, त्यातला बराच काळ रुग्णांसमोर बसून. शेवटी परवान्याची वाट मोकळी होते, पण परवाना आपल्या देशापुरताच. माझा एक सहकारी म्हणतो, सीमा ओलांडली की त्या कागदाची किंमत कालच्या ट्रामच्या तिकिटाएवढी.

मला लंडन हवं आहे. त्या एका शब्दाने, 'जागतिक'ने, मला झपाटलं आहे. अर्जाची मुदत फेब्रुवारीअखेर. तुझं मत हवंय. परवानगी नाही मागत, मत.

ओक्ताफकाकांना माझा नमस्कार. त्यांच्या कोंबड्या अंडी देतायत ना?

तुझी,
वीर्ले

•

गेल, २० जानेवारी

प्रिय वीर्ले,

'जागतिक मानसिक आरोग्य' हे शब्द मी मोठ्याने म्हणून पाहिले. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे जरा विचारपूर्वक म्हणावे लागले.

जगाचं मन, आणि तेही बारा महिन्यांत! मला कोट शिवायला शिकायला चार वर्षं लागली बाई, आणि कोट काही रुसत नाही. आईबापांच्या मालबोटीवर वाढली असतीस तर निदान इतकं कळलं असतं की कालव्याच्या प्रत्येक जलद्वारापाशी थांबावं लागतं. पण तू माझ्या घरी वाढलीस, तेव्हा दोष माझाच.

अँटवर्पचं म्हणशील तर आकड्यांची माणसं मला ठाऊक आहेत. नगरपालिकेत दोघं आहेत. खाटा किती ते सांगतात. खाटेवर कोण आहे विचारलं की पान उलटतात. लुव्हन मला पसंत आहे. हातात कसब येईल. तिथून शनिवारी घरी येता येतं, हे कारण मी देत नाहीये, त्याची नोंद घ्यावी.

शेजारच्या घरात गेंटहून एक बाई राहायला आल्यात, श्रीमती फान हूलेन. ओळख करून घ्यायला आल्या आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलं. चांगलं टणटणीत, टिकटिक करणारं. ओक्ताफ पांढराफटक पडला आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "आमच्याकडे घड्याळ चालत नाही हो. ते याच्याबद्दल वाईटसाईट बोलतं."

"घड्याळ?"

"सगळीच नव्हेत. टिकटिकणारी."

"हे आपले कोण?"

"राहता पाहुणा."

"म्हणजे भाडेकरू?"

"छे. दवाखान्याकडून आलेला. एकोणतीस वर्षं झाली."

"म्हणजे... मनोरुग्ण?"

"म्हणजे ओक्ताफ," मी म्हटलं. मग त्यांना हेही सांगितलं की याच गल्लीत असे आणखी तिघं आहेत, दोन घरं सोडून जी आजी राहते तिच्या आजीकडेही एक होता, आणि गावात हे कधी सुरू झालं ते कुणाला आठवत नाही. बाईंनी कॉफी अर्धी सोडली. घड्याळ मात्र परत नेलं, तेवढी अक्कल आहे.

अंडी देतायत. ओक्ताफ म्हणतो, तपकिरी कोंबडी तुझ्यावर नाराज आहे. नाताळात तू तिला न भेटता गेलीस.

तुझी मावशी,
गोदेलीव्ह

•

ब्रसेल्स, ९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं मत मिळालं. टाचण्यांसकट.

लंडनचा अर्ज काल पाठवला. लुव्हनलाही नाव घातलंय, तुझ्या समाधानासाठी म्हण हवं तर. अँटवर्प सोडलं. त्यांच्या पुस्तिकेत 'ओझं' हा शब्द एकेचाळीस वेळा आहे आणि दर वेळी ते ओझं म्हणजे आजारी माणूस. मी तपासनीस आहे, असले शब्द माझ्या डोळ्यांत जातात.

लंडनचा अर्ज सहा पानी. का यायचंय, काय वाचलंय, कोणत्या भाषा येतात. हे सगळं मी झकास लिहिलं. एका रकान्यात मात्र अडले: 'मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसोबतचा प्रत्यक्ष अनुभव'. कचेरीतल्या मुलींनी सल्ला दिला की काहीतरी फुगवून लिही, सगळे लिहितात. एकीने दोन आठवड्यांच्या सहलीला 'क्षेत्रकार्य' म्हटलंय. मला ते जमलं नाही. अहवाल तपासणं म्हणजे अनुभव नव्हे. मी सरळ लिहिलं: 'नाही'.

चुकले का गं? तेवढ्यावरून मला वगळतील का? खरं सांगते, हे हुकलं तर मी आणखी तीन वर्षं स्वल्पविरामच वेचत बसेन.

वीर्ले

•

गेल, १४ फेब्रुवारी

प्रिय वीर्ले,

बरं केलंस. नसलेलं लिहू नये. शिंप्याने शर्ट शिवला नसेल तर बटणाचे पैसे मागू नयेत. वगळलं तर वगळलं, पण मान खाली घालावी लागणार नाही.

इकडे विशेष काही नाही. गल्लीतल्या बिनाच्या मुलीच्या लग्नाचे सात झगे अंगावर आलेत. ओक्ताफ तीन दिवस टेबलाशी आला नाही; सरकवताना खुर्चीच त्याला काही म्हणाली म्हणे. मी त्याचं ताट खिडकीपाशी दिलं आणि माझंही तिकडेच नेलं, कारण तो एकटा जेवत नाही. चौथ्या दिवशी खुर्ची बदलली, गाडी रुळावर. इस्त्री मात्र तिन्ही दिवस त्यानेच केली. सात झग्यांच्या चुण्या त्याच्याइतक्या नीट मला बसवता येत नाहीत, पण त्याला सांगू नकोस, शेफारेल.

गरम कपडे घाल.

मावशी

•

ब्रसेल्स, १५ मार्च

प्रिय मावशी,

काल लंडनला मुलाखत झाली. बसून घे.

तिघं होते. मधोमध डॉ. आमेयाव, घानाच्या, साठीच्या, पांढऱ्या केसांच्या. खेडोपाड्यातल्या बायकांना, शिकल्या न शिकल्या, दुःखी माणसाजवळ कसं बसायचं ते शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अहवालांतून मी त्यांना तीन वर्षं वाचत होते. बाजूला एक तरुण गृहस्थ, लॅपटॉपच्या आड. तिसऱ्यांनी तेवढ्यात बिस्किटं संपवली.

वीस मिनिटं छान गेली. मग बाईंनी माझा अर्ज उलटला, चष्मा वर केला आणि विचारलं, "तुमचं गाव गेल?"

"हो."

"बेल्जियममधलं गेल?"

"हो. लहानसंच आहे. तुम्हाला माहीत नसेल."

"मुली, माझ्या पहिल्या तासाला मी फळ्यावर तुझ्या गावचं नाव लिहिते." त्या हसल्या नाहीत. "आणि इथे तू लिहिलंयस, अनुभव, नाही."

"हो. मला खोटं लिहायचं नव्हतं."

"घरी कोण कोण होतं?"

"मावशी. काका होते, ते वारले. मी. आणि ओक्ताफकाका."

"ते कोण?"

"आमचे राहते पाहुणे."

मावशी, शप्पथ सांगते, हा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला कळलं नव्हतं. बारा वर्षं ज्यांच्या शेजारी जेवले त्यांना मी रकान्यात शोधलंच नाही. पहिल्यांदा वर्गमैत्रिणीकडे टिकटिक ऐकली तेव्हा मी घाबरून विचारलं होतं, "तुमच्याकडे हे चालतं?" आणि गेल्या महिन्यात मी 'नाही' लिहिलं. आणि तू "बरं केलंस" म्हणालीस!

बिस्किटवाले गृहस्थ खो खो हसले. लॅपटॉपवाल्याला पटलं नाही. "त्यांचं निदान काय?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"बारा वर्षांत?"

"कधी विचारलं नाही."

त्याने कागदावर काहीतरी टिपलं. ते चांगलं नव्हतं, हे मला उलट्या बाजूने वाचता आलं.

शेवटी ठरलं ते असं: चार एप्रिलपर्यंत त्या रकान्यात दोन पानं नव्याने लिहून द्यायची, आणि सोबत अशा व्यक्तीचं शिफारसपत्र, जिने मला 'त्या कामात' जवळून पाहिलंय. लुव्हनचं होईल असं दिसतंय, पण लंडन या दोन कागदांवर अडलंय.

म्हणून दोन कामं कर. सोमवारी दवाखान्याची नर्स येईल तेव्हा काकांच्या आजाराचं नाव विचारून घे. आणि शिफारसपत्र तू लिही. तुझ्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?

वीर्ले

•

गेल, २० मार्च

वीर्ले,

आधी माझी चूक. "बरं केलंस" मी लिहिलं, आणि लिहिताना माझ्यासमोर तो माणूस खिडकीपाशी जेवत होता. दोन दिवस मला स्वतःचं हसू येतंय आणि मध्येच लाजही. गावात सांगितलं तर बिना म्हणाली, "मग काय लिहायला हवं होतं?" तेव्हा आपण एकट्या नाही.

आता तुझी कामं. दोन्ही करणार नाही.

तुझे काका, माझे यजमान, आणि मी ओक्ताफला आणायला गेलो तेव्हा दवाखान्यातल्या बाईने तीन गोष्टी सांगितल्या. मासे खात नाही. घड्याळ नको. एकट्याला जेवायला बसवू नका. आजाराचं नाव तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. इथे विचारत नाहीत, हे तुला मी सांगायचं? नाव कळलं की माणूस बाजूला राहतो आणि आपण नावाकडेच बघत बसतो. नर्स येते, कॉफी पिते, त्याच्या गोळ्या बघते. ती मला सांगणार नाही, आणि सांगितलं तर तिला माझ्याकडे पुन्हा कॉफी नाही.

शिफारसपत्राचं विचारतेस, तर मी काय लिहू? तू त्याला सांभाळलंस? तू तर त्याच्या कोंबडीच्या नावाने अंडी विकून गोळ्या-चॉकलेटं खायचीस. खोटं लिहिणार नाही, आणि खरं लिहिलं तर तुला घेणार नाहीत.

आणि एक. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू अठराव्या वर्षी शिकायला गेलीस, त्यानंतर तो तीन आठवडे दवाखान्यात होता. कोणाशी बोलेना. तुझी पहिली परीक्षा होती म्हणून तुला कळवलं नाही. मग एक दिवस म्हणाला, "घरी जाऊ या, कोंबड्या एकट्या आहेत," आणि आला. तेव्हा तू दोन पानं लिहायला बसशील ना, तर हे ध्यानात ठेव की तो रकाना नाहीये. त्याच्याबद्दल लिहिणार आणि पत्र मला? त्याला वाचता येतं. तुझ्या अक्षरापेक्षा त्याचं बरं आहे.

मी चिडलेय. पण तुझ्यावरच आहे असं नाही.

मावशी

•

ब्रसेल्स, २४ मार्च

प्रिय ओक्ताफकाका,

तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिलं नाही, याची मला लाज वाटते. मावशीच्या पत्रात 'नमस्कार सांग' एवढंच लिहीत आले.

मला एका अभ्यासक्रमाला जायचंय. ज्या देशांत डॉक्टर पुरत नाहीत तिथल्या मनाने थकलेल्या माणसांसाठी काम कसं करायचं, ते तिथे शिकवतात. प्रवेश मिळण्यासाठी मला दोन पानं लिहायची आहेत, अशा माणसांसोबतच्या माझ्या अनुभवाबद्दल. ती तुमच्याबद्दल असतील. तुमचं नाव बदलेन. तुम्हाला नको असेल तर एक अक्षरही लिहिणार नाही, आणि मला वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल.)

मी गेल्यावर तुम्ही दवाखान्यात होतात, हे मला आत्ता कळलं.

तुमची,
वीर्ले

•

गेल, २७ मार्च

वीर्ले,

पत्र मिळालं.

माझ्याबद्दल लिहू नकोस. नाव बदलून तर मुळीच नको.

शिफारसपत्र हवं आहे असं गोदेलीव्ह म्हणाली. ते मी लिहितो. मी तुला जवळून पाहिलं आहे. पत्ता आणि त्यांचा फॉर्म पाठव. फॉर्म कोरा पाठव, तू भरू नकोस.

तपकिरी कोंबडी बरी आहे.

ओ. लेमेन्स

•

ब्रसेल्स, २ मे

प्रिय मावशी,

महिनाभर लिहिलं नाही, कारण महिनाभर मला काय झालंय ते मलाच कळत नव्हतं.

दोन पानं मी लिहिली नाहीत. त्यांच्या जागी एकच ओळ पाठवली: 'ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनी परवानगी दिलेली नाही, शिफारसपत्र ते स्वतः पाठवतील.' मला वाटलं, संपलं. आणि जवळजवळ संपलंच होतं. कार्यालयाने काकांचं पत्र परत पाठवायला काढलं. शिफारस करणाऱ्याच्या पदाचा रकाना असतो, त्यात त्यांनी लिहिलं होतं: 'राहता पाहुणा, १९८५ पासून'. कार्यालयाच्या यादीत असं पद नव्हतं. यादीत 'धर्मगुरू' आहे, 'क्रीडाप्रशिक्षक' आहे, हे नाही. डॉ. आमेयाव यांनी तो लिफाफा कारकुनाच्या हातातून काढून घेतला आणि पत्र बैठकीत उभ्याने वाचलं. लॅपटॉपवाल्याने लॅपटॉप मिटला, असं त्या म्हणाल्या. मला प्रवेश मिळाला. लुव्हनचाही.

मग त्यांनी मला फोन केला. मी आभार मानायला लागले तर मध्येच तोडून म्हणाल्या, "हे बघ, आलीस तर मला आनंद आहे. वर्षभरात तुला सगळे शब्द येतील. मग एखादी संस्था तुला माझ्या गावी पाठवेल, माणसांजवळ कसं बसायचं ते बायकांना शिकवायला. त्या तीस वर्षं बसतायत. तू काय शिकवशील?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"उत्तर बरोबर आहे. आता त्या पत्राची शेवटची ओळ वाच आणि ठरव. माझ्याकडे जागा राखून ठेवायचा नियम नाही. पण मी तुला लक्षात ठेवीन, त्याला कोणाच्या नियमाची गरज नाही."

त्यांनी प्रत पाठवली. मी ती वाचली, आणि लंडनला 'आत्ता नाही' कळवलं. सप्टेंबरपासून मी लुव्हनला. चिकित्सा-मानसशास्त्र, दोन वर्षं, समोरासमोर बसून. हे तुझ्या सांगण्यावरून नाही, उगाच कॉलर ताठ करू नकोस. 'जागतिक' माझ्या डोक्यातून गेलेलंही नाही. पण ते मला एका वर्षात शिकता येणार नव्हतं, आणि का ते तुला खाली दिसेल. काकांनी पाकीट बंद करून तुझ्याकडे दिलं होतं, तू ते उघडलं नसणार, मला माहीत आहे. त्यांना विचारलं. तुला दाखवायला त्यांची हरकत नाही.

वीर्ले

(सोबतची प्रत)

गेल, १ एप्रिल २०१४

प्रवेश समितीस,

अर्जदार वीर्ले हिला मी ती सहा वर्षांची असल्यापासून ओळखतो. तिचे आईवडील मालबोटीवर असत, म्हणून शाळेसाठी तिला या घरी ठेवलं. मी इथे तिच्या आधीपासून होतो. म्हणजे या घरात राहते पाहुणे दोन होते. घरची माणसं दोन होती. हे तिच्या अर्जात नसेल, कारण तिला ते माहीत नाही.

पहिल्या वर्षी ती शाळेतून आल्यावर जिन्यात बसून रडत असे. रडण्याचा आवाज मला सहन होत नाही. तरी मी तिच्या खालच्या पायरीवर बसत असे. तिने मला कधी विचारलं नाही की मी का बसलो आहे. मी तिला विचारलं नाही की ती का रडते. नाताळपर्यंत रडणं थांबलं. पुढे एका हिवाळ्यात मी त्याच जिन्यात बसलो, तेव्हा ती वरच्या पायरीवर बसून पाढे म्हणत असे. सात आणि आठचे चुकत असत.

ती दहा वर्षांची असताना गावात बाहेरून आलेल्या एका मुलाने मला वेडा म्हटलं. तिने त्याला विचारलं, "तुमच्या घरी कोणी नाही का?" तो नाही म्हणाला. तिला त्याची दया आली. घरी येऊन तिने त्याच्यासाठी वॅफल मागून नेलं.

फॉर्ममध्ये गुण विचारले आहेत ते वर आले.

उणिवाही विचारल्या आहेत. ती घाई करते. तिचं अक्षर वाईट आहे. आणि माणसाला काय होतं आहे हे ती विचारत नाही. आमच्याकडे ते विचारत नाहीत, आणि मला ते बरं वाटलं आहे. पण तुमच्या कामात विचारावं लागतं असं समजलं. जिथे तिला जायचं आहे तिथे लोक कदाचित कोणीतरी विचारावं म्हणून वाट पाहत असतील. तेव्हा तिला विचारायला शिकवा. माझी हरकत नाही.

पण हळू शिकवा. आणि पहिल्यांदा विचारायची वेळ येईल तेव्हा तिला अनोळखी माणसाकडे पाठवू नका. तिने मला विचारावं. मी सांगेन.

ओक्ताफ लेमेन्स